घोंगडीवरचा सीन

४ डिसेंबर
मागची पत्र्याची खोली दिली. रवी म्हणून पोरगा आला होता. चष्मा, दाढी, खांद्याला झोळी. मला वाटलं चिकलठाण्याला कंपनीत लागला असंल. तर म्हणं, राहायला नको आत्या, शूटिंगला पाहिजे. कसलं शूटिंग? पिक्चरचं. म्हणलं, गाणी-नाच असला दंगा मुकुंदवाडीत चालणार नाय, इथं कंपनीच्या पाळीवरनं आलेली माणसं दिवसा झोपतेत. तो म्हणला, गाणं नाही, नाच नाही, मारामारी नाही. मग हाय काय त्यात? एक पोरगा, एक पोरगी. खेड्यातून शहरात येतेत, एका खोलीत राहतेत आन हळूहळू एकमेकांशी बोलायचे बंद होतेत. संपलं. हे बघायला कोण तिकीट काढणार? म्हणला, कोणी नाही काढणार.
खरं बोलला म्हणून दिली खोली.
सुमनला सांगितलं तर पोट धरून हसली. माझ्या भावाची, किसनची पोरगी. देवगाव रंगारीहून आली तवा मान वर करत नव्हती. आता औषधाच्या गोळ्या भरायच्या कंपनीत लागली तर हसती बी आन उलटं बोलती बी. बरंय. घरात आवाज पाहिजे.

७ डिसेंबर
शूटिंग चालू झालं. तीन माणसं. रवी, तो सांगणार. सलीम, त्याचा शहागंजात फोटूचा स्टुडिओ हाय, लग्नाचे फोटू काढतो, तो कॅमेरा धरणार. आन हिरो. हिरो म्हणजे गौतम, विद्यापीठात शिकतो, काळा, उंच, नाक तेवढं चांगलं. आवाज कॅमेऱ्यात येत नाय म्हणं, नुसतं चित्र. बोलणं मागनं भरतेत.
आज चित्र कशाचं घेतलं? नळाचं. नळाखाली बादली. बादली भरली, सांडली, सांडतच राहिली. मी जाऊन नळ बंद केला. तर तिघंबी बोंबलले. सलीम म्हणला, "अम्मा, क्या कर दिये! वोच तो सीन था." म्हणलं, पाणी एक तास येतं, सीन दिवसभर करा. रवी म्हणला, पाणी वाया जातंय आणि कोणी उठत नाही, हेच दाखवायचंय. मी म्हणलं, मग तुझा हिरो आळशी हाय.
गौतम हसला. रवी नाय हसला.

९ डिसेंबर
हिरोणी यायची होती, नाय आली. घरच्यांनी सोडली नाय. गौतमबरोबर काम म्हणल्यावर नाय सोडली, असं सलीमनं हळूच सांगितलं. गौतम बौद्धाचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यात पुढं असतो, शहरात लोक ओळखतेत.
तिघं पायरीवर मयत झाल्यासारखे बसले. सुमन चहा घेऊन गेली. रवी तिच्याकडं बघतच राहिला. मग माझ्याकडं आला, सुमनलाच हिरोणी करू का म्हणला. म्हणलं, पाळी बुडायची नाय, अंगाला हात लागायचा नाय, आन माझ्या घराबाहेर न्यायचं नाय. कबूल झाला.
सुमनला इचारलं, जमंल का? ती म्हणली, "बोलायचं बंद व्हायचंय ना आत्या? ते कुणालाबी जमतंय."
गौतमनं बाहेर उभं राहून पाणी मागितलं. कुठल्या माठातलं घेऊ म्हणला. म्हणलं, माठ एकच हाय. दवाखान्यात आया होते मी, सगळ्या जातीची घाण सारखीच काढली. घे आन ग्लास धुऊन ठेव, सगळेच ठेवतेत.

१३ डिसेंबर
रोज एक-दोन घंटे. सुमन खिडकीत बसती. सुमन भाकरी करती. गौतम डबा घेऊन जातो, परत येतो. लोक भिंतीवर चढून बघतेत आन कंटाळून उतरतेत. शेजारीण म्हणली, हे तर आमच्या घरीबी चालतं.
गौतमचं गाव देवगावच्या शेजारचंच निघालं. आईबाप तिथंच मजुरी करतेत, बौद्धवाड्यात. नामांतराच्या दंगलीत घर जाळलं होतं, परत पत्रे टाकून उभं केलं. हे त्यानं भाकरी खाता खाता सांगितलं, जसं कुणी पाऊसपाणी सांगावं. सुमनचा घास हातात राहिला. ती म्हणली, "आमच्या गावची असतील का त्यात माणसं?" तो म्हणला, "तोंडाला फडकं होतं. वळखून काय करायचंय?"
मग दोघंबी गप. शूटिंग नव्हतं तवा.

१७ डिसेंबर
सुमन आरशात लई बघायला लागली. नवा परकर. कंपनीची गाडी गेली तरी दारातच. बोलले मी. ती म्हणली, पिक्चरसाठी. म्हणलं, पिक्चर खोलीत हाय, तू रस्त्याकडं बघती.
गौतम चांगला पोरगाय. म्हणूनच बरं नाय वाटत.

२० डिसेंबर
आज माझ्या हातानं काय झालं ते लिहून ठेवते.
रवीला सीन घ्यायचा होता. पोरगा-पोरगी शहरात पहिल्या दिवशी एकमेकांना शब्द देतेत. लग्न नाय, भट नाय, हार नाय, दोघंच. प्लॅस्टिकच्या चटईवर बसवले. सुमनला हसू येतंय. परत केलं, परत हसू. गौतम वाक्य विसरला. सलीम चिडला, "रीळ खतम होरी, इनकू हँसी आरी." खिडकीतलं ऊन उतरायला लागलं. रवी नखं खायला लागला.
मला असलं घोळत बसलेलं बघवत नाय. कामाला हात घातला की उरकावं. आत गेले, पेटीतनं बाची घोंगडी काढली. चटई फेकली, घोंगडी हातरली. मूठभर ज्वारी टाकली. देवाची डबी आणली, दोघांच्या कपाळाला भंडारा लावला, दोघांच्या हातात चिमूट-चिमूट दिली आन म्हणलं, बोला आता आन मोकळे व्हा.
सवयीनं झालं. आमच्यात शब्द द्यायचा म्हणजे असाच. दुसरं मला येत नाय.
गौतमनं हात मागं घेतला. "आत्या, आमच्यात हे नाही. आम्ही सोडलंय देवाचं."
रवी म्हणला, "अरे तू नाही करत. पिक्चरमधला पोरगा करतोय."
गौतमनं मूठ मिटली, भंडारा आतच. सुमनचं हसू गेलं ते गेलंच. गौतम रवीनं दिलेलं वाक्य बोलला, शहर सोडीन, तुला नाही. सुमनलाबी रवीनं वाक्य दिलं होतं. ते ती नाय बोलली. मी दाराशीच होते, ऐकलं. ती म्हणली, "तू सोडलं तरी मी नाय."
एका झटक्यात झालं. सलीम म्हणला, "वा अम्मा, फस्कलास! तुम डायरेक्टर होना था." लग्नाच्या सवयीनं त्यानं दुसऱ्या कॅमेऱ्यानं दोघांचा एक फोटूबी काढला.

२१ डिसेंबर
सुमन कपाळ न धुता पाळीला गेली. म्हणलं, हसतील बाया. म्हणली, हसू दे.
लग्न मोडतं. माझंच मोडलं की, पंचासमोर काडी मोडली, तोही मोकळा, मीही मोकळी, आले शहरात. पण घोंगडीवर बसून भंडारा हातात घेऊन जे बोललं ते मोडायला आमच्यात काडी नाय. मेंढ्या वाटून घेताना, भावाभावाचं भांडण मिटवताना, सगळं त्याच्यावरच. म्हातारे मरतेत पण ते फिरवत नायत.
हे सुमनला ठाऊक. मला ठाऊक. गौतमला काय ठाऊक?
मी कशाला उठले तिथनं.

२६ डिसेंबर
दोघांचं भांडण. पिठाच्या गिरणीवरनं आले तर पत्र्याच्या खोलीत आवाज. सुमन म्हणत होती, "मग हातात का घेतला?" गौतम म्हणला, "ते पिक्चर होतं, सुमन."
"माझं नव्हतं."
"माझ्या बापानं एकदा घर जळताना बघितलंय. दुसऱ्यांदा माझ्यामुळं बघायचं? तुझ्या गावाला कळलं तर काय होईल, सांग की."
 मी पिठाचा डबा आपटून ठेवला तवा दोघं बाहेर आले. गौतम सायकल काढून गेला.
पोरगा खोटं बोलत नव्हता. पोरगीबी.

२९ डिसेंबर
शूटिंग थांबलं नाय. उलट रवी खूश. आता पिक्चरमध्ये भांडणाचा भाग चालू हाय. सुमन भिंतीकडं तोंड करून बसती, खरंच बसती. गौतम ताट सारून उठतो, खरंच उठतो. रवी म्हणतो, काय करतात दोघं, काय करतात! म्हणलं, अरे चष्म्या, पोरं खरं रडतेत. तो म्हणला, "आत्या, मला माहीत आहे." मग कॅमेरा का नाय बंद करत?  चष्मा पुसत म्हणला, "माझ्या घरी पण असंच होतं. आई-बाबा. म्हणून तर हा पिक्चर."
त्याला चहा दिला. पण राग गेला नाय.

६ जानेवारी
गौतमला धरलं. विद्यापीठाच्या गेटापुढं सत्याग्रह होता, ट्रका भरभरून नेले. सलीम सांगायला आला. हिरोच जेलात, मग पिक्चर कशाचं? रवी डोकं धरून पायरीवर.
सुमन कंपनीतनं आली, ऐकलं, हातपाय धुतले, पीठ मळायला बसली. मळतच राहिली. किती जणांचं मळलं ते तिलाच ठाऊक. दोघींना दोन दिवस पुरलं.

१५ जानेवारी
वाळूजकडं नव्या कंपन्या उघडतेत म्हणं, गल्लीतले दोघं तिकडं लागले. खोल्यांना मागणी. पत्र्याची खोली रवीनं सोडली नाय, कुलूप लावून ठेवली. आत हिरोचा सदरा खुंटीला तसाच. सुमन रोज बाहेरनं झाडती, कुलूप हलवून बघती.
जेलात भेटायला जाते म्हणली. कोण म्हणून जाणार? इचारलं तसं. झाडू उचलून बाहेर गेली. असं नव्हतं इचारायला पाहिजे.

२ फेब्रुवारी
सलीमनं घोळ घातला. तो फोटू, घोंगडीवरचा, मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. लग्नाचं गिऱ्हाईक यावं म्हणून. देवगावचा कोणीतरी टिकल्या-बांगड्या घ्यायला शहागंजात आलेला, त्यानं बघितला.
सलीम स्वतःच सांगायला आला, तोंड उतरलेलं. "एक आदमी बहुत देर देखता खडा था, अम्मा. बाद में पूछा, ये शादी किधर हुई. मैं हँस के बोला, मुकुंदवाडी में. मेरे कू क्या मालूम." फोटू काढला म्हणं काचेतनं. आता काढून काय करतो?

४ फेब्रुवारी
किसन आला. सकाळच्या गाडीनं. पाणीबी घेतलं नाय. सुमन पहिल्या पाळीला होती ते बरं.
खिशातनं फोटू काढला. सलीमकडनंच घेऊन आला होता. माझ्यापुढं धरला.
"अक्का, ही आपल्या बाची घोंगडी. काठ मी झोपेत वळखीन."
व्हय म्हणलं.
"पोरगा कोण ते कळलंय. हे लग्न झालं का?"
पिक्चर हाय, म्हणलं. नाटकासारखं.
"त्याचं लोकांना काय म्हणायचं ते म्हणतील. मी एकच इचारायला आलो. त्यांच्या हातात भंडारा होता का?"
मी त्याच्याकडं बघितलं. माझ्याहून धाकटा, पण म्हातारा दिसाया लागलाय. म्हणला, गावातले चार जण गौतमच्या बौद्धवाड्याच्या वाटंवर जाऊन बसलेत काल धरनं. मी काय सांगतो त्याची वाट बघतेत.  त्यालाबी ते नको होतं, पण त्याच्या हातात नव्हतं.
म्हणलं, भंडारा कुठला? स्वैपाकाची हळद. डब्यातली. पिवळं दिसलं पाहिजे म्हणून.
"आण घे."
"मला आणाशपथा नको शिकवू. हळद म्हणलं ना."
तो मटकन बसला. मी कधी खोटं बोलत नाय ही गावात सगळ्यांना खात्री. मग रडला, फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. म्हणला, अक्का, वाचवलं.
भाकरी खाऊन लगेच निघाला. वाटंवरच्या माणसांना सांगायला. जाताना म्हणला, पण पोरीचं नाव झालंय. आता लवकर उरकायला पाहिजे. कन्नडच्या साखर कारखान्यात एक पोरगा हाय, आपल्यातलाच, चांगलाय.
चांगला असंल बी.

५ फेब्रुवारी
सुमनला कोण सांगणार? मीच.
किसन येऊन गेला, काय इचारलं, मी काय बोलले, सगळं सांगितलं. ती डबा घासत होती. थांबली.
"आत्या, हळद होती का?"
"व्हय."
"तू देव्हाऱ्यातनं डबी आणली. मी बघत होते."
"डबीत हळद भरली होती. भंडारा संपला होता कवाचा."
लई वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती. मी नजर नाय काढली. दवाखान्यात मरणाऱ्या माणसाला बरा होशील म्हणून सांगितलंय, तसं बघितलं.
मग म्हणली, "मग मी मोकळी."
राहिलेला डबा घासला, पालथा घातला.

८ फेब्रुवारी
बोलत नाय माझ्याशी. भांडण नाय, तोंड वाकडं नाय. चहा पुढं आणून ठेवती. पाळीला जाती, येती. एवढीशी खोली, दोन बाया, दिवसभरात चार शब्द नाय होत.
मीठ संपलंय म्हणली आज. लई बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
सुमननं कंपनीचं काम सोडलं. किसन जीप घेऊन आला. कन्नडवाल्यांनी पसंत केली, सुपारी फुटली. २४ ला लग्न, गावातच.
माझ्या पाया पडली. मी म्हणलं, पत्र टाक. किसन म्हणला, चार दिवस आधी ये अक्का. जीपमध्ये पुढं बसली, मागं नाय बघितलं. धूळ खाली बसली तरी मी दारातच. शेजारीण म्हणली, भाजी करपली काय बघा. करपली होती.

१५ फेब्रुवारी
रवी आला. मुंबईला धुवायला टाकलेली रिळं आलीत म्हणं, बघायला या. नको म्हणलं. तरी रिक्षा घेऊन आला.
सलीमच्या स्टुडिओत चादर बांधून लावलं. आवाज नाय. नळ आला, बादली सांडली. मधीच माझा हात आला आन नळ बंद झाला. सलीम हसला. मीबी हसले.
मग सुमन. खिडकीत. नुसती बसलीय. काय करत नाय. मी त्याच खोलीच्या दारात रोज असायचे, तिला बघायचे, मला वाटायचं पोरगी आळसावलीय. चादरीवर एवढी मोठी झाल्यावर दिसलं की एकटीय. माझ्या घरात, माझ्यासमोर, एवढी एकटी कधी होती ही?
घोंगडीवरचा सीन लागला तवा उठले. रवी म्हणला, आत्या, दोन मिनिटं. नको म्हणलं. रिक्षाला थांबले नाय, क्रांती चौकापर्यंत चालत आले.

१९ फेब्रुवारी
किसननं बोलावलंय, निघायला पाहिजे. पाय दुखतेत म्हणून निरोप धाडला. दुखत नायत.

२२ फेब्रुवारी
गौतम सुटला. दुपारी दारात. हडकला, दाढी वाढलेली. पाणी स्वतःच घेतलं माठातलं, ग्लास धुऊन ठेवला.
"सुमन कोणत्या पाळीला आहे?"
बस म्हणलं.
तो उभ्या उभ्याच बोलला. जेलात बसून ठरवलंय म्हणं. कोर्टात लग्न करतो. चिकलठाण्याला कंपनीत काम बघतो, शिकणं रात्रीचं. आधी भ्यालो, आता नाही.
"आता सुचलं का?"
"आत्या, तिथं दुसरं सुचायला काय असतंय?"
मग मी सगळं सांगितलं. फोटू, किसन, वाटंवरची माणसं. हळद म्हणले तेबी. तो खाली बसला.
"बरं केलं," म्हणला. "माझे आईबाप वाचले." मग वर बघितलं. "पण ती हळद नव्हती ना?"
नाय, म्हणलं. जेजुरीचा भंडारा.
"मी मानत नाही ते. पण ती मानते. तिला तुम्ही मोकळं केलं."
"व्हय."
"मग तिला वाटत असंल मीही..."
 कधी हाय लग्न म्हणला. परवा, म्हणलं. उठून दोन फेऱ्या मारल्या. मला वाटलं आता ओरडंल. मलाच वाटत होतं कुणीतरी ओरडावं.
म्हणला, उद्या पहाटे गावी जातो. आईबापाला तिथनं काढतो, दुपारपर्यंत एसटीनं इकडं आणतो. ते स्टँडवर उतरले, माझ्या डोळ्यांनी बघितले, की मी देवगावची गाडी धरायची. किसनला खरं सांगायचं, सुमनला खरं सांगायचं. पुढं ती काय म्हणंल ते. त्याच्या आधी तोंड उघडायचं नाय, कारण ते तिथं असताना मी बोलले तर...
ठरलं.
तुझा बाप येईल का ऐकून? इचारलं. म्हणला, "तो त्या घराला लई धरून आहे. दोनदा बांधलंय."

२३ फेब्रुवारी, स्टँडवर
सकाळी पत्र्याची खोली झाडून ठेवली. रवीनं किल्ली दिली, काय इचारलं नाय. त्याला म्हणलं, हिरोचे आईबाप राहतील, तुझं सामान ने. स्वतः सतरंजी आणून टाकली त्यानं.
सलीम रिक्षा घेऊन आलाय, त्या दोघांना घरी न्यायला. माझ्या शेजारी बसलाय, फोटूचं घोकतोय. म्हणलं, गप. गुन्हा तुझा नाय, नुसती अक्कल कमी. तो म्हणला, "हौ अम्मा." चहा आणला त्यानं.
एकची कन्नडची गाडी आली, त्यांच्या गावावरनं येती ती. पोती उतरली, दोन नवरदेव उतरले, एक शेरडू उतरलं. ते नाय.

नंतर
अजून एक आली. दारात जाऊन एकेकाचं तोंड बघितलं. ड्रायव्हर म्हणला, मावशी, कोण हरवलंय? नाय कुणी, म्हणलं.
दुपारची देवगावची गाडी गेली. नाय चढले.
संध्याकाळी तिकडं हळद लागंल. सुमनला पाटावर बसवतील. किसन दर गाडीला फाट्यावर येऊन बघत असंल, अक्का आली का. तिकडं गौतमचा बाप घर सोडायला तयार नसंल. का पोराला वाटंत कुणी बघितलं असंल? काय ठाऊक. हे सगळं एका बाजूला एक असं डोक्यात येतंय, उरकत नाय.
तोंड बंद ठेवून गेले तर अक्षता टाकून परत येईन. एवढंच काम. कुणी मरणार नाय. पोरगी कन्नडला खिडकीत बसंल.
बोलले आन ते दोघं म्हातारे तिथंच असले तर?

ऊन खाली आलं
देवगावची शेवटची गाडी लागलीय, तिसऱ्या फलाटाला. कंडक्टर वळखीचा, त्याला सांगून ठेवलं, थोडा थांब. म्हणला, मावशी, पाच मिनिटं, जास्त नाय, मलाबी घर हाय.
पिशवी त्याच्या सीटवर ठेवून आले. खाली उभी राहून लिहितेय. सलीम पुढं गेटापर्यंत गेलाय.
तो तिथनं हात करतोय. कन्नडकडची एक गाडी वळतीय आत. दाराला माणसं लोंबकळतेत, ऊन मागनं, तोंडं दिसंनात. सलीम पळत पळत बाजूनं येतोय, खिडक्यांत वाकून बघतोय. काय बोलंना.
इकडं कंडक्टरनं घंटी मारली.